वेदनाशामक गोळीची परीक्षा

क्रिकेट खेळताना उंच उडालेला चेंडू झेलायला तुम्ही धावता आणि तो तळहातात न बसता करंगळीच्या पेरावर आदळतो. पहिल्या क्षणी कळ येते, हे समजण्यासारखे आहे. पण खरा ठणका सुरू होतो तो तासा-दोन तासांनी. बोट लाल होते, गरम लागते, फुगते आणि दुखते. चेंडू तर केव्हाच दुसरीकडे गेला! मग आता दुखवतो आहे कोण?

लाली, उष्णता, सूज आणि वेदना ही चार लक्षणे सेल्सस नावाच्या रोमन लेखकाने सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी एकत्र नोंदवून ठेवली आहेत. या साऱ्या प्रकाराला वैद्यकात ‘दाह’ म्हणतात. दाह हा मुळात रोग नव्हे. शरीराने स्वतःच काढलेले ते दुरुस्तीचे काम आहे. इजा झालेल्या जागी बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, जास्त रक्त येते, रक्तातील द्रव व पांढऱ्या पेशी बाहेर झिरपतात आणि कामाला लागतात. रस्ता दुरुस्त करताना धूळ उडते, वाहतूक अडते, तसेच काहीसे हे असते. मात्र संधिवाताच्या रोग्यात हे काम वर्षानुवर्षे चालूच राहते आणि त्यात सांधेच पोखरले जातात. अशा माणसाला दाह कमी करणारी गोळी रोज, महिनोन् महिने घ्यावी लागते. एक दिवस घेतलेली गोळी आणि दहा वर्षे घेतलेली गोळी यांत फार अंतर आहे, एवढे ध्यानात ठेवून पुढे चला.

या गोळ्यांचे घराणे झाडाच्या सालीपासून सुरू होते. ओढ्याकाठी वाढणारा वाळुंज आपल्याकडे आहे. त्याच्या युरोपातील भावंडाची साल एडवर्ड स्टोन या इंग्रज पाद्र्याने एकदा चाखून पाहिली. ती सिंकोनाच्या सालीसारखी कडू लागली, म्हणून त्याने ती भट्टीच्या उबेला तीन महिने वाळवली, कुटली आणि हिवतापाच्या सुमारे पन्नास रोग्यांना दिली. पुष्कळांचा ताप उतरला आणि १७६३ साली त्याने हे रॉयल सोसायटीला कळवले. साल न घेता किती जणांचा ताप उतरला असता, हे पाहण्याची रीत मात्र त्या काळी नव्हती. पुढे या सालीच्या अभ्यासातून सॅलिसिलिक आम्ल हाती आले. ते पोटाला फार झोंबे. १८९७ मध्ये जर्मनीतील बायर कंपनीत फेलिक्स हॉफमन याने त्याचे सौम्य रूप शुद्ध स्वरूपात तयार केले. १८९९ पासून ते ‘ॲस्पिरिन’ या नावाने जगभर गेले.

पण ते पुरेसे सौम्य नव्हते. १९३८ मध्ये लंडनच्या गाय्ज रुग्णालयात डाउथवेट आणि लिंटॉट या डॉक्टरांनी नळीसारख्या दुर्बिणीतून ॲस्पिरिन घेतलेल्या रोग्यांच्या जठरात डोकावून पाहिले, तेव्हा कित्येकांचे अस्तर लाल झालेले दिसले. गंमत पाहा, सांध्यातला दाह शमवणारे औषध जठरात दाह उत्पन्न करीत होते! असे का व्हावे, याचे उत्तर मिळायला आणखी तेहतीस वर्षे लागली.

ते उत्तर दिले जॉन व्हेन या इंग्रज शास्त्रज्ञाने, १९७१ मध्ये. आपल्या जवळजवळ प्रत्येक ऊतीत प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये गरजेनुसार तयार होतात आणि काम झाले की लगेच नष्ट होतात. इजेच्या जागी ती रक्तवाहिन्या रुंदावतात आणि वेदनेच्या मज्जातंतूंना अधिक हळवे करतात. चेंडू गेल्यावर बोट दुखवणारे हेच ते! व्हेन यांनी गिनीपिगच्या फुप्फुसाचा लगदा घेऊन दाखवले की, ॲस्पिरिन टाकताच प्रोस्टाग्लँडिन तयार होणे बंद पडते. या कामाबद्दल १९८२ चे नोबेल पारितोषिक त्यांना बर्गस्ट्रॉम आणि सॅम्युएलसन या स्वीडिश शास्त्रज्ञांबरोबर मिळाले.

आता जठराचे कोडेही उलगडले. जठरात अन्न पचवणारे तीव्र आम्ल असते. ते जठरालाच का पचवत नाही? कारण अस्तरावर बुळबुळीत श्लेष्माचा लेप असतो आणि हा लेप राखण्याचे काम प्रोस्टाग्लँडिनांचेच. गोळी बोट आणि जठर असा भेद करीत नाही. दोन्हीकडचे प्रोस्टाग्लँडिन ती थांबवते. बोट शांत होते, पण जठराचा लेप पातळ होऊन व्रण पडतो, कधी रक्तस्रावही होतो. आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन, डायक्लोफेनॅक अशी पुढे आलेली सारी भावंडे कमी-अधिक प्रमाणात याच वाटेने जातात.

१९९० नंतर या गोष्टीला अनपेक्षित वळण लागले. प्रोस्टाग्लँडिन ज्या विकराच्या साहाय्याने तयार होते, त्या विकराचे थोडक्यात नाव ‘कॉक्स’. हे विकर एक नसून दोन आहेत, असे आढळून आले. कॉक्स-१ जठरासारख्या ठिकाणी रोजची घरकामे पाहते, तर कॉक्स-२ मुख्यतः दाहाच्या जागी, संकटकाळी हजर होते. मग फक्त कॉक्स-२ लाच अडवणारे औषध मिळाले तर? वेदना जाईल आणि जठरही शाबूत राहील. कल्पना इतकी सुबक होती की, ती खोटी ठरेल असे फार थोड्यांना वाटले असेल. मर्क कंपनीचे असे एक औषध, रोफेकॉक्सिब, मे १९९९ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. बाजारातले त्याचे नाव होते व्हायॉक्स.

जठर खरोखर शाबूत राहते का, हे पाहण्यासाठी एक मोठी चाचणी घेण्यात आली. तिचे नाव ‘व्हिगर’. संधिवाताचे ८,०७६ रोगी निवडले. चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे त्यांचे दोन गट पाडले. एकाला रोफेकॉक्सिब, दुसऱ्याला नॅप्रोक्सेन. कोणाला काय मिळते आहे, हे रोग्यालाही ठाऊक नाही आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही नाही. असे का? कारण ‘नवे, भारी औषध’ मिळते आहे असे कळले की रोग्याला बरे वाटू लागते आणि डॉक्टरच्या डोळ्यांना ते दिसूही लागते! निकाल नोव्हेंबर २००० मध्ये प्रसिद्ध झाला. शंभर रोग्यांनी वर्षभर औषध घेतले असे धरले, तर जठर-आतड्याच्या तक्रारी नॅप्रोक्सेनच्या गटात ४.५ आणि रोफेकॉक्सिबच्या गटात २.१. निम्म्याहून कमी!

पण त्याच निकालात आणखी एक आकडा होता. नॅप्रोक्सेनच्या गटात हृदयविकाराचे झटके ४ आणि रोफेकॉक्सिबच्या गटात १७.

याचा अर्थ काय लावाल? समजा, तुमच्या घरातील दोन घड्याळांत वीस मिनिटांचा फरक आहे. एक मागे पडले आहे की दुसरे पुढे गेले आहे? नुसते त्या दोघांकडे पाहून हे कधीच कळणार नाही. आकाशवाणीवरची वेळ ऐकावी लागेल. व्हिगरमध्ये अशी तिसरी वेळ नव्हती. औषध नसलेली, पण दिसायला तशीच गोळी घेणारा गट त्यात नव्हता. कंपनीने म्हटले, रोफेकॉक्सिब हृदयाला अपाय करीत नसून नॅप्रोक्सेनच त्याचे रक्षण करीत असावे. हा तर्क अगदीच पोकळ नव्हता. रक्तातील बिंबाणू एकमेकांना चिकटून गुठळी होते, आणि नॅप्रोक्सेन ही चिकटण्याची क्रिया मंद करते. पण हृदयरोग्यांना त्यासाठीच दिले जाणारे ॲस्पिरिनसुद्धा झटके सुमारे एक-चतुर्थांशानेच कमी करते. नॅप्रोक्सेनने तीन-चतुर्थांशाहून अधिक कमी केले, हे मानायला बरेच धाडस हवे.

दुसरी शक्यता शरीरशास्त्रातून पुढे येत होती. बिंबाणू थ्रॉम्बॉक्झेन नावाचे द्रव्य सोडतात; ते गुठळी व्हायला मदत करते. रक्तवाहिन्यांचे अस्तर प्रोस्टासायक्लिन सोडते. ते गुठळी होऊ देत नाही. तराजूची ही दोन पारडी. ॲस्पिरिन बिंबाणूंचे पारडे हलके करते. आता नीट लक्ष द्या. बिंबाणूंत कॉक्स-१ असते, तर अस्तरातल्या प्रोस्टासायक्लिनला कॉक्स-२ चा मोठा हातभार लागतो. फक्त कॉक्स-२ अडवले तर काय होईल? रक्षण करणारे पारडे हलके होईल आणि गुठळीचे पारडे जसेच्या तसे राहील. १९९९ मध्येच अमेरिकेतील गॅरेट फिट्झजेराल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांना निरोगी माणसांच्या लघवीत नेमकी हीच खूण दिसली होती. ज्या निवडकपणाचे कौतुक झाले, त्यातच धोका लपला होता.

तिसरी वेळ ऐकायला मिळाली ती वेगळ्याच चाचणीत. मोठ्या आतड्यात पुन्हा गाठी होण्याचे रोफेकॉक्सिबमुळे टळते का, हे ‘ॲप्रूव्ह’ नावाच्या चाचणीत पाहायचे होते. एकूण २,५८६ लोक. १,२८७ जणांना औषध आणि १,२९९ जणांना औषध नसलेली गोळी. मुदत तीन वर्षे. हृदयाचा झटका, पक्षाघात असे गुठळीचे विकार औषधाच्या गटात ४६ जणांना झाले, दुसऱ्यात २६ जणांना. मुदत संपण्यापूर्वीच चाचणी थांबवली गेली आणि ३० सप्टेंबर २००४ रोजी कंपनीने हे औषध साऱ्या जगातून मागे घेतले. त्याच वर्षी भारतातही त्यावर बंदी आली. तोवर कोट्यवधी लोकांनी ते घेतले होते.

इतक्या डॉक्टरांच्या हे आधी लक्षात कसे आले नाही, असे तुम्ही विचाराल. गणित करून पाहा. वरच्या चाचणीत शंभर माणसांमागे वर्षाला औषधाशिवाय ०.७८ आणि औषध घेऊन १.५० विकार झाले. एखाद्या डॉक्टरकडे हे औषध घेणारे शंभर रोगी आहेत, असे समजा. औषध नसते तर वर्षभरात त्याला असा साधारण एक रोगी दिसला असता. आता एक किंवा दोन दिसतील. उतारवयातल्या माणसाला हृदयविकार होणे तर नेहमीचेच. त्याला संशय यावा तरी कशावरून? गोळीने अंगावर हिरवे चट्टे उठले असते, तर पहिल्या आठवड्यातच बोभाटा झाला असता. जो विकार एरवीही होतो, तो थोडा वाढला, हे पकडायला हजारो माणसे, पुष्कळ महिने आणि तुलनेचा गट लागतो. आणि त्या जादा ०.७२ ला कोट्यवधी माणसांनी गुणले की काय होते, ते तुम्हीच पाहा.

मोजणाऱ्याचा प्रामाणिकपणाही लागतो. डिसेंबर २००५ मध्ये, व्हिगरचा अहवाल ज्या अमेरिकन नियतकालिकात आला होता त्याच्याच संपादकांनी जाहीर केले की, रोफेकॉक्सिबच्या गटातील आणखी तीन झटके अहवालात धरलेच नव्हते. झटके १७ नसून २० होते. लेखकांचे म्हणणे असे की, ते ठरलेल्या तारखेनंतरचे होते. पण हृदयविकार मोजणे जठराच्या तक्रारींपेक्षा महिनाभर आधीच थांबवले होते. नफा एका मापाने आणि तोटा आखूड मापाने मोजण्याला कोणताही शिक्षक गुण देणार नाही.

मग इतर गोळ्यांचे काय? त्याच वर्गातील सेलेकॉक्सिब बाजारात राहिले आणि त्याच्या हृदयावरील परिणामाची मोठी तुलना २००६ मध्ये सुरू झाली. ‘प्रिसिजन’ नावाच्या या चाचणीत २४,०८१ संधिरोगी होते. २०१६ मध्ये निकाल लागला: मध्यम मात्रेतील सेलेकॉक्सिब हृदयाच्या बाबतीत नॅप्रोक्सेन किंवा आयबुप्रोफेनपेक्षा वाईट ठरले नाही आणि जठराला ते सौम्य होते. पण याही चाचणीला एक लंगडी बाजू आहे. दोन-तृतीयांशांहून अधिक रोग्यांनी गोळी मध्येच सोडली होती, आणि औषध नसलेल्या गोळीचा गट येथेही नव्हता.

पावसाळ्यात तुमच्या उपयोगी पडेल अशी एक गोष्ट मात्र वर आलेल्या बिंबाणूंवरून सहज कळते. डेंग्यूच्या तापात बिंबाणूंची संख्या घटते आणि रक्तस्रावाची भीती असते. त्यात ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेतले, तर उरलेले बिंबाणूही नीट चिकटत नाहीत आणि जठराचा लेपही पातळ होतो. म्हणून डेंग्यूची शंका असताना डॉक्टर या गोळ्या देत नाहीत. अंगदुखीसाठी आणि तापासाठी पॅरासिटामॉलच मोजून देतात.