दोन बिब, एक खापरपणजी

१४ ऑगस्ट २०१६, रिओ ऑलिंपिकची महिला मॅरेथॉन. उत्तर कोरियाच्या किम हे-सोंग आणि किम हे-ग्योंग या जुळ्या बहिणी दहाव्या आणि अकराव्या आल्या. दोघींची वेळ २ तास २८ मिनिटं ३६ सेकंद. बेचाळीस किलोमीटर धावूनही एका सेकंदाचा फरक नाही! त्याच शर्यतीत जर्मनीच्या आना आणि लिझा हानर या जुळ्या हातात हात घालून ८१व्या आणि ८२व्या आल्या. त्यावरून त्यांच्याच देशाच्या अ‍ॅथलेटिक्स संघटनेने त्यांना खडसावलं. ही काय सहल आहे का, असा एकूण सूर. आणि एस्टोनियाच्या लेइला, लीना आणि लिली लुइक या एकसारख्या तिळ्या बहिणी तिघीही त्याच रस्त्यावर होत्या. त्यातल्या दोघींनी शर्यत पूर्ण केली, तिसरीला मधेच सोडावी लागली.

माझं मन त्या तिसरीपाशी अडकतं. जनुकं तीच, घर तेच, सराव तोच, तरी त्या दिवशी एकीचं शरीर नाही म्हणालं. मग माझ्या आणि माझ्या धाकट्या भावासारख्या साध्यासुध्या भावंडांचं काय? आम्ही दोघं हाफ मॅरेथॉनवाले, म्हणजे २१.०९७५ किलोमीटर. हा विचित्र आकडा १९०८च्या लंडन ऑलिंपिकची देणगी. विंडसर किल्ल्यापासून स्टेडियममधल्या राजघराण्याच्या कक्षापर्यंत तेव्हा जे अंतर भरलं, तेच पुढे १९२१मध्ये मॅरेथॉनचं अधिकृत अंतर ठरलं. त्याचं अर्धं आपण सगळे आजवर निमूटपणे धावतोय.

शर्यत म्हणाल तर साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन. २०१२पासून पावसाळ्यात होते. शहरातून निघायचं, यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्यावरून मागे फिरायचं आणि त्याच घाटाने उतरायचं. चढताना शिव्या आणि उतरताना मांड्या, दोन्ही भरपूर आठवतात.

पण घाटाआधी पेशीत डोकावू. धावताना स्नायूंना लागतं एटीपी नावाचं रसायन, आणि त्याचा साठा शरीरात असतो जेमतेम काही सेकंदांपुरता. म्हणजे बंदुकीचा बार झाल्यापासून मेडल गळ्यात पडेपर्यंत ते सतत नव्याने तयार करत राहावं लागतं. ते काम पेशींतल्या मायटोकॉन्ड्रियांचं. शाळेच्या पुस्तकात यांनाच तंतुकणिका म्हणत. या तंतुकणिकांचा स्वतःचा वेगळा डीएनए असतो, ३७ जनुकांचं एक छोटंसं वर्तुळ. वडिलांचा यात काडीचाही वाटा नसतो. तो येतो आईकडून, तिला तिच्या आईकडून, म्हणजे आजीकडून, तिला पणजीकडून, तिला खापरपणजीकडून.

म्हणजे घाटात माझ्या शेजारी धापा टाकणाऱ्या भावाच्या मांडीत आणि माझ्या मांडीत त्याच एका खापरपणजीचं वर्तुळ आहे, जसंच्या तसं. ती बाई आयुष्यात किती चालली असेल, डोक्यावर किती पाणी वाहिलं असेल, देव जाणे. भावाच्या मुलांकडे मात्र हे वर्तुळ जाणार नाही. त्यांच्याकडे वहिनीच्या घरचं आलं आहे. हे कळलं तेव्हा मी दोन दिवस सगळ्यांना सांगत सुटले होते.

आता यात थोडं पाणी घालते. मायटोकॉन्ड्रियाला लागणारी हजाराहून जास्त प्रथिनं आहेत, आणि त्यातली फक्त तेरा या वर्तुळातून बनतात. बाकी सगळी पेशीच्या केंद्रातल्या डीएनएवर अवलंबून, आणि तिथे सख्ख्या भावंडांची वाटणी सरळ नसते. सरासरी निम्मा वाटा सारखा, असं आपण शिकलो. पण २००६मध्ये हजारो भावंडांच्या जोड्यांचा डीएनए प्रत्यक्ष ताडून पाहिला, तेव्हा हा वाटा एखाद्या जोडीत ३७ टक्क्यांच्या आसपास तर एखाद्या जोडीत ६२च्या आसपास निघाला. ‘हा अगदी मामावर गेलाय’ यात तथ्य असतं ते असं.

मग तोच सराव केला तर फळ सारखं मिळतं का? यावरचं सगळ्यात देखणं काम म्हणजे १९९०च्या दशकात क्लॉड बुशार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिका आणि कॅनडात केलेला ‘हेरिटेज’ अभ्यास. ९८ कुटुंबं, आईवडील आणि मोठी मुलं मिळून ४८१ जण, सगळे बैठ्या कामाचे. वीस आठवडे सगळ्यांना व्यायामाच्या सायकलवर सारख्याच शिस्तीने राबवलं. शरीर मिनिटाला जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं, ते आधी आणि नंतर मोजलं. धावणाऱ्यांच्या भाषेत हाच व्हीओटू मॅक्स. काहींचा आकडा मिनिटाला एक लिटरहून अधिक वाढला, काहींचा जवळपास हललाच नाही. आणि कुटुंबाकुटुंबांमधला फरक हा कुटुंबाच्या आतल्या फरकाच्या अडीच पट निघाला. म्हणजे सरावाला दाद देणं हेदेखील घराण्यात चालतं. मला यातली दुसरी बाजू जास्त भावते: एकाच घरात, एकाच वेळापत्रकावर घाम गाळूनही एक पुढे सरकतो आणि दुसरा तिथेच राहतो, हेही त्याच आकड्यांत आहे. भाऊ तीन महिन्यांत सुधारतो आणि मी सहा महिने घेते, यात माझ्या आळसाचा दोष वाटतो तेवढा नाही. (आईला हे पटलेलं नाही.)

शिवाय मी बाई आणि तो पुरुष. रक्तातलं हिमोग्लोबिन बायकांमध्ये सरासरी कमी, हृदयही लहान. तेव्हा अंतिम वेळेत त्याची बाजू वरचढ. पण एका गोष्टीत नाही. अमेरिकेतल्या चौदा मॅरेथॉनमधल्या नव्वद हजारांहून जास्त धावपटूंच्या वेळा २०१५च्या एका अभ्यासात तपासल्या आहेत. दुसऱ्या अर्ध्यात पुरुषांचा वेग सरासरी १५.६ टक्क्यांनी ढासळला, बायकांचा ११.७ टक्क्यांनी. सुरुवातीला उधळायचं आणि मग बसायचं, हा प्रकार पुरुषांत जास्त. आमच्या घरी यासाठी अभ्यासाची गरज नव्हती. पहिल्या दोन किलोमीटरमध्ये ढोल-ताशाच्या नादात धाकटा सुटतो तो सुटतोच, आणि घाट लागला की मागे वळून विचारतो, “ताई, तू फास्ट झालीस का?”

“नाही रे, तू संपलास.”

शेजारी शेजारी धावायचं तर वेग कोणाचा? माझं मत ठाम आहे: ज्याला पूर्ण वाक्य बोलता येत नाही त्याचा. ही नुसती माणुसकी नव्हे, यामागे शरीरशास्त्र आहे. श्रम एका हद्दीपलीकडे गेले की रक्तात आम्लता वाढू लागते, ती आवरायला कार्बन डायऑक्साइड भराभर बाहेर टाकावा लागतो, आणि श्वास इतका जवळ जवळ येतो की बोलण्याला जागा उरत नाही. वाक्य तुटलं तर हद्द ओलांडली. प्रयोगशाळेत मुखवटा लावून मोजायची गोष्ट भावंडाच्या बडबडीवरून कळते. आणि एकवीस किलोमीटर हे काम लहान नाही. मिनिटाला पंधरा लिटर रक्त हृदयातून फिरतं असं धरलं, तरी अडीच तासांत गच्चीवरची दोन हजार लिटरची टाकी भरून वाहील. आणि हे सगळं करतं तेच पाच लिटर रक्त, पुन्हा पुन्हा फिरून.

आता घाट. रस्ता दहा टक्के चढाचा झाला की तेवढंच अंतर कापायला सपाटीच्या दीडपटीहून जास्त ऊर्जा लागते. हे मोजलेलं आहे. पण चढ किती आहे हे डोळ्यांना विचारलं तर ते थापा मारतात. अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठाच्या डेनिस प्रॉफिट यांनी दाखवलं की पाच अंशांचा उतार लोकांना वीसच्या आसपास वाटतो. २००८मध्ये त्यांच्या गटाने आणखी एक गोष्ट छापली: टेकडीच्या पायथ्याशी एकट्याने उभं राहणाऱ्यापेक्षा मित्राशेजारी उभं राहणाऱ्याला तीच टेकडी कमी उभी वाटते, आणि मैत्री जितकी जुनी तितकी टेकडी सपाट. या धर्तीच्या प्रयोगांवर नंतर इतर संशोधकांनी बऱ्याच शंका काढल्या. माणसं खरंच वेगळं बघतात की प्रयोग करणाऱ्याला हवं ते उत्तर देतात, हा वाद आहे. शिवाय ते मित्र होते, भावंडं नव्हती. भावंडाशी ओळख जन्मापासूनची, तेव्हा या हिशेबाने यवतेश्वर पठारच वाटायला हवा. तसं होत नाही, हे मी शपथेवर सांगते.

खरी जादू चढ थोडा कमी झाला की होते. शर्यतीच्या सकाळी धुकं एवढं होतं की माझ्या चष्म्यावर पाणी साचत होतं आणि पुढचा माणूस नुसता रंगाचा ठिपका दिसायचा. धाकट्याचा उजवा बूट पावसाने भिजून दर पावलाला चर्र वाजत होता. त्या आवाजाचा आधी राग आला, मग सवय झाली, आणि मग लक्षात आलं की माझं उजवं पाऊल नेमकं त्या ‘चर्र’वर पडतंय. तो माझ्याहून वीतभर उंच आहे. त्याच्या टांगा लांब, पावलं संथ. माझी जवळ जवळ. तरीही जुळली होती. मी मुद्दाम लय मोडली. थोड्या वेळाने पाहते तर पुन्हा चर्र आणि पुन्हा माझं उजवं.

बर्लिनला १६ ऑगस्ट २००९ रोजी उसेन बोल्टने ९.५८ सेकंदांचा विक्रम केला तेव्हा शेजारच्या लेनमध्ये टायसन गे होता. बोल्ट त्याच्याहून सुमारे पंधरा सेंटिमीटर उंच. मॅन्युएल व्हार्ले आणि मायकल रिचर्डसन या दोन संशोधकांनी २०१५मध्ये त्या शर्यतीच्या चित्रफितीवरून दोघांचं पाऊल न् पाऊल तपासलं. जगातले सगळ्यात वेगवान दोन पुरुष, एकमेकांना हरवायच्या इर्षेने पेटलेले, आणि त्यांची पावलं मधून मधून एका तालात पडत होती! दोघांच्याही नकळत. हा नियम माणसांपुरता नाही. १६६५मध्ये क्रिस्तियान हायगेन्स आजारी पडून खोलीत बसला होता. एकाच तुळईला टांगलेल्या दोन घड्याळांचे लंबक काही वेळाने एकमेकांशी बांधल्यासारखे हलतात, हे त्याने तेव्हा पाहिलं. घड्याळांना जोडणारी तुळई होती. धावणाऱ्यांना डोळ्यांची कड आणि कान जोडतात. दोघांच्या मूळच्या लयी जवळच्या असतील तर पक्क्या जुळतात, फार दूरच्या असतील तर जुळतात, सुटतात, पुन्हा जुळतात. आमचं दुसऱ्या प्रकारचं.

लय जुळली की दुखणंही कमी होतं. ऑक्सफर्डमध्ये नौकानयन करणाऱ्या बारा जणांना यंत्रावर एकदा एकट्याने आणि एकदा गटाबरोबर तालात वल्ही मारायला लावली, मग दंडावर रक्तदाबाचा पट्टा आवळून कळ कधी असह्य होते ते पाहिलं. मेहनत दोन्ही वेळा सारखीच. पण तालात वल्हवल्यावर त्यांनी जास्त कळ सोसली. मेंदूतली एंडॉर्फिनं थेट मोजणं अवघड, म्हणून हा आडवळणाचा मार्ग. आपल्याकडे हे निराळं सांगायला नको: आषाढी वारीत टाळांच्या ठेक्यावर चालणारे सत्तरीतले आजोबा एरवी वाण्याकडे जायलाही रिक्षा करतात.

उताराचं थोडक्यात. उतरताना दम लागत नाही म्हणून माणूस फसतो. प्रत्येक पावलाला मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच आकुंचन पावून ब्रेक लावतो, आणि त्यात त्याचे सूक्ष्म धागे उसवतात. ठणका लगेच नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. शर्यतीनंतरच्या मंगळवारी आम्ही दोघं वेगवेगळ्या शहरांत, आपापल्या ऑफिसच्या जिन्यावर, कठडा धरून उलटे उतरत होतो. ‘उलटा उतरतोय’ असा त्याचा मेसेज आला तेव्हा मी तिसऱ्या पायरीवर होते. एकदा असा मार खाल्लेला स्नायू पुढच्या वेळी त्याच उतारावर कमी उसवतो, हे मात्र खरं. म्हणून शर्यतीआधी एक-दोनदा उतारावर सराव करावाच.

पावलांचा प्रयोग तुम्हाला घरच्या घरी करता येईल. आधी एकटं धावताना मिनिटभर फक्त उजवं पाऊल मोजा आणि दुप्पट करा. भावालाही वेगळं मोजायला सांगा. मग दोघं शेजारी शेजारी, गप्पांच्या वेगाने धावा आणि अर्ध्या तासाने पुन्हा मोजा, पण त्याला न सांगता. कोणी मोजतंय म्हटल्यावर माणसाची पावलं बदलतात. आकडे एकमेकांकडे सरकलेले दिसतात का बघा. यासाठी यवतेश्वरचा घाट लागत नाही, सकाळी सहाचा सपाट रस्ता पुरे. भावंडाला अंथरुणातून उठवायचं काम तेवढं तुमचं.