एका शिळेतील माणसे

नॉर्वे देशात हिवाळा दीर्घ असतो. राजधानी ऑस्लो येथे डिसेंबरात दिवस जेमतेम सहा तासांचा असतो. मे महिन्यात तोच सतरा तासांचा होतो. अशा वसंतात शहरातील आबालवृद्धांची पावले फ्रॉग्नर उद्यानाकडे वळतात आणि तेथील हिरवळीवर शिदोऱ्या सुटतात. या उद्यानात दोनशेहून अधिक शिल्पे उघड्या आकाशाखाली उभी आहेत. ती सर्व गुस्ताव्ह व्हीगेलंड या एकाच शिल्पकाराच्या कल्पनेतून निर्माण झाली. ती पाहण्यास मूल्य पडत नाही.

एका कलावंतास एवढे मोठे कार्य करण्याची संधी लाभली कशी? १९२१ साली नगरपालिकेने त्याच्याशी एक करार केला. शहराने त्याला राहण्यासाठी व कामासाठी प्रशस्त वास्तू द्यावी आणि त्याने आपली शिल्पे शहरास अर्पण करावीत, असे ठरले. दोन्ही पक्षांनी आपला शब्द पाळला.

उद्यानात शिरताच एक पूल लागतो. त्याच्या दोन्ही कठड्यांवर कांस्याच्या ५८ मूर्ती आहेत. त्यांत राजे नाहीत, सेनापतीही नाहीत. आहेत ती आपल्यासारखीच माणसे. मुलांना उचलून घेणारा बाप आहे, आणि मुठी आवळून, पाय आपटून रडणारा एक हट्टी मुलगाही आहे. येणारेजाणारे कौतुकाने त्याचा हात धरतात. त्यामुळे काळवंडलेल्या कांस्यात तेवढा हात सोन्यासारखा चकाकतो.

पुढे टेकाडावर एक स्तंभ उभा आहे. एका अखंड शिळेत १२१ माणसे कोरलेली असून त्यांची उंची चौदा मीटरांहून अधिक भरते. तळाशी निश्चल देह आहेत. त्यांच्यावर माणसे एकमेकांना बिलगत, सावरत वर चढतात, आणि अगदी शेंड्यावर लहान मुले आहेत. व्हीगेलंडने याचा नमुना प्रथम मातीत घडविला. कित्येक शे टन वजनाची ग्रॅनाइटची शिळा १९२७ साली उद्यानात आली. ती उभी करून तिच्याभोवती लाकडी आवरण बांधले गेले आणि शेजारी नमुना ठेवण्यात आला. त्यावरून १९२९ पासून तीन पाथरवटांनी मूर्ती कोरावयास घेतल्या. ग्रॅनाइट अतिशय कठीण. छिन्नीचा एक घाव चुकला तर तो भरून काढता येत नाही. त्या तिघांनी हे काम चौदा वर्षे केले. स्तंभाचे श्रेय व्हीगेलंडइतकेच त्यांनाही द्यावयास हवे.

मार्च १९४३ मध्ये व्हीगेलंडचे निधन झाले. नॉर्वे तेव्हा जर्मन सैन्याच्या ताब्यात होता. पुढच्या वर्षीच्या, म्हणजे १९४४ च्या नाताळात लोकांना त्या लाकडी आवरणाच्या आत प्रथमच प्रवेश मिळाला. परक्या सत्तेखालच्या त्या कडाक्याच्या हिवाळ्यात सुमारे १,८०,००० माणसे तो स्तंभ पाहून गेली.