पुन्हां वाचावी अशी कादंबरी

कादंबरी एकदां वाचून संपली म्हणजे तिचें काम झालें, अशी सर्वसाधारण समजूत असते. शेवट ठाऊक झाल्यावर उत्सुकता कसली राहणार? केवळ कथानकावर भिस्त ठेवणाऱ्या बहुतेक कादंबऱ्यांच्या बाबतींत ही समजूत खरीही आहे. परंतु कांहीं थोडक्या कादंबऱ्या अशा असतात कीं, त्यांचें खरें वाचन शेवट कळल्यानंतरच सुरू होतें. हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही मराठींतील अशी पहिली कादंबरी म्हणावी लागेल.

१८९० सालीं हरिभाऊंनीं ‘करमणूक’ पत्र काढलें आणि त्यांत ही कादंबरी हप्त्याहप्त्यानें येऊं लागली. पुस्तकरूपानें ती १८९३ मध्यें निघाली. लेखनास आरंभ झाला तेव्हां लेखकाचें वय अवघें सव्वीस. त्या वयाच्या पुरुषानें एका विधवेच्या तोंडून तिची कहाणी वदवावी, आणि ती वाचतांना मध्यें कोणी पुरुष आहे याचा वाचकाला विसर पडावा, हें नवल अद्याप ओसरलेलें नाहीं.

यमू आपली हकीकत सांगूं लागते तेव्हां तिच्या आयुष्यांत घडावयाचें तें सारें घडून गेलेलें असतें. पहिल्या वाचनांत हें भान राहत नाहीं. वाचक तिच्याबरोबर लहान होतो, दादाबरोबर खेळतो, सासरीं जातो, आणि रघुनाथरावांच्या संगतींत मुंबईस मांडलेल्या बिऱ्हाडाचें सुख भोगतो. पुढचा आघात त्याला अकस्मात् बसतो. दुसऱ्या वाचनांत मात्र यमूला जें ठाऊक आहे, तेंच वाचकालाही ठाऊक असतें. मग मुंबईचीं तींच आनंदाचीं प्रकरणें वाचवत नाहींत. पति पत्नीला शिकवीत आहे, दोघें मनमोकळें बोलत आहेत, यांपलीकडे तेथें कांहीं घडत नाहीं. तरी डोळे भरून येतात. ‘करमणुकी’च्या वाचकांना ही कथा तुकड्यातुकड्यांनीं मिळाली, त्यामुळें पुस्तक हातीं येईपर्यंत हा अनुभव त्यांना दुर्लभच होता.

वयाप्रमाणें वाचकाची जागाही बदलते. शाळकरी वाचक यमूच्या बाजूस असतो. विशींतल्या वाचकाला रघुनाथराव आपलेसे वाटतात. आपण त्यांच्यासारखेंच वागूं, अशी त्याची खात्री असते. चाळिशी उलटल्यावर तोच वाचक दचकतो, कारण त्याचें लक्ष आतां घरांतील वडीलधाऱ्यांकडे जातें. यमूच्या केशवपनाचा क्रूर प्रसंग घडविणारे शंकरमामंजी सर्वांच्या स्मरणांत राहतात. परंतु एकट्या दुष्ट माणसाच्या हातून एवढें होत नसतें. त्याला गप्प बसणारीं माणसें लागतात. तीं माणसें फारशीं वाईट नसतात, हेंच त्यांतलें भय. तरुणपणीं जें नांव समाजाला विचारलेला प्रश्न वाटलें होतें, तें आतां वाचकालाच उद्देशून आहेसें वाटूं लागतें. बालविवाहास बंदी करणारा कायदा १९२९ सालीं झाला, केशवपनाची चालही मागें पडली. म्हणून कादंबरी जुनी झाली असें ज्यांना वाटतें, त्यांनीं तिच्यांतील गप्प माणसें पुन्हां एकदां मोजून पाहावीं.

हरिभाऊंचा पाल्हाळ अनेकांना जाचतो, आणि तो दोष खोटा नाहीं. पण पुन्हां वाचणाराला एक सवलत असते: त्यानें खुशाल पानें गाळावीं. ज्याला वेळ थोडा आहे, त्यानें आरंभापासून न लागतां मुंबईच्या बिऱ्हाडापासून सुरुवात करावी, यमूची मैत्रीण दुर्गी हिचे प्रसंग मात्र सोडूं नयेत, आणि मग मागें वळून पहिलें प्रकरण वाचावें.