आपलेच लोक आहेत, तरीसुद्धा…

गेली सहा वर्षं मी आमच्या टाउनच्या स्विमिंग क्लबमध्ये पालक-स्वयंसेवक आहे. नव्याने आलेले मराठी आईबाबा मला हमखास विचारतात, "अहो ताई, पोहायला शिकवायचं तर एवढे नियम कशाला? आमच्या वेळी सर शिट्टी वाजवायचे आणि आम्ही उड्या मारायचो!"

प्रश्न रास्त आहे, उत्तर मात्र जड आहे. लॅरी नासर हा अमेरिकेच्या जिम्नॅस्टिक्स संघाचा डॉक्टर. उपचाराच्या नावाखाली त्याने वर्षानुवर्षं मुलींवर अत्याचार केले, काही वेळा तर आई किंवा वडील त्याच खोलीत बसलेले असताना. मुलींनी मोठ्यांना सांगून पाहिलं, पण डॉक्टर नामांकित, म्हणून विश्वास त्याच्यावर ठेवला गेला. २०१६ मध्ये इंडियानापोलिसच्या वर्तमानपत्राने प्रकरण उघड केलं. जानेवारी २०१८ मध्ये दीडशेहून अधिक जणींनी न्यायालयात आपली हकिकत सांगितली आणि त्याला ४० ते १७५ वर्षांची शिक्षा झाली.

पुढच्याच महिन्यात 'सेफ स्पोर्ट' कायदा आला. खेळाडू मुलांबरोबर काम करणाऱ्या प्रौढाला बाल-अत्याचाराचा संशय आला, तर २४ तासांत कळवणं बंधनकारक झालं. पुरावा गोळा करत बसायचं नाही. ते तपास करणाऱ्यांचं काम. ऑलिम्पिक खेळांच्या संघटनांमधल्या लैंगिक गैरवर्तनाच्या तक्रारी डेन्व्हरच्या 'सेंटर फॉर सेफस्पोर्ट'कडे जातात, म्हणजे घरचं प्रकरण घरातच मिटवायची सोय उरत नाही. ज्यांच्यावर बंदी आहे, त्यांची नावं या केंद्राच्या जाहीर यादीत कोणालाही शोधता येतात. कोच निवडण्यापूर्वी दोन मिनिटं काढून ती जरूर बघा.

रोजचे नियम साधे आहेत. कोच आणि मूल एकटे भेटले, तर ते इतरांना दिसेल आणि कोणालाही मध्येच येता येईल अशा जागी. कोचने मुलाला मेसेज केला, तर त्यात पालक किंवा दुसरा प्रौढ हवाच. कपडे बदलायच्या खोलीत फोनचा कॅमेरा बंद. बाहेरगावच्या स्पर्धेला कोच आणि मूल एका खोलीत राहणार नाहीत. या नियमांमुळे चांगल्या कोचवरही उगाच बालंट येत नाही, हे मला आमच्या कोचनीच सांगितलं.

दुखापतीचंही तसंच. डोक्याला मार लागलेल्या मुलाला वैद्यकीय परवानगीशिवाय पुन्हा मैदानात न उतरवण्याचा कायदा २००९ मध्ये वॉशिंग्टन राज्याने प्रथम केला. अर्धवट बरा नसताना खेळलेला झॅकरी लिस्टेड हा तेरा वर्षांचा फुटबॉलपटू कायमचा अधू झाला, त्याच्या नावाने तो ओळखला जातो. आज असे कायदे सर्व राज्यांत आहेत. "काही होत नाही, ऊठ!" हे आपलं लाडकं वाक्य आता मैदानाबाहेर ठेवायला हवं.

खरी अडचण आपल्या संस्कारांशी येते. गुरूला उलट बोलायचं नाही, मोठ्यांनी जवळ घेतलं तर अंग चोरायचं नाही, हे आपण मुलांना प्रेमाने शिकवतो. त्यासोबत हेही शिकवायला हवं की आदर आणि गुपित या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. "आईला सांगू नकोस" असं जो मोठा माणूस म्हणेल, त्याचंच आधी आईला सांगायचं. भारतातल्या नातेवाइकांनाही हे लागू आहे: तिथे २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार अशी माहिती असणाऱ्या प्रत्येकाने ती कळवायचीच असते.

आता आपल्या मंडळाकडे वळू. गणपतीतल्या बॅडमिंटन स्पर्धा, उन्हाळी क्रिकेट, मुलांचं लेझीम पथक. हे डेन्व्हरच्या केंद्राच्या कक्षेत येत नाही. सगळे काका-मावश्याच, म्हणून आपण काही लिहून ठेवत नाही. माझा आग्रह आहे की येत्या कार्यकारिणीने एक पानभर नियम करावेत. मुलांसोबत कायम दोन प्रौढ. शिकवणाऱ्या प्रत्येकाची पार्श्वभूमी-तपासणी, अध्यक्षांचीसुद्धा. वयोगटासाठी जन्मतारखेचा पुरावा. मुलांच्या मेसेजमध्ये पालक. आणि तक्रार ऐकायला दोन व्यक्ती, त्यांतली एक कार्यकारिणीबाहेरची.

यात कोणावर अविश्वास नाही. गाडीत बसल्यावर आपण पट्टा लावतो, तेव्हा चालवणाऱ्या नवऱ्यावर संशय घेतो का?