पोरगं ऐकत नाही, तर मानसतज्ज्ञ काय करणार?

‘मानसतज्ज्ञ म्हणजे येड्यांचा डॉक्टर’ हा समज अमरावती-अकोल्यात अजून घट्ट आहे. शाळेनं नुसतं नाव काढलं, तरी घरचे बिथरतात : “आमचं पोट्टं काय येडं हाय काय?” शालेय मानसतज्ज्ञ गोळ्या लिहून देत नाही. त्याचं बरंचसं काम तर मुलाशी नाही, शिक्षकाशी असतं.

म्हणूनच ‘बिघडलेलं पोर त्याच्याकडे पाठवा, सुधारून परत येईल’ हेही खरं नाही. तोच वर्गात येऊन मागं बसतो आणि टिपून घेतो : आधी काय घडलं, मुलानं काय केलं, त्यातून त्याला काय मिळालं. समजा, मूर्तिजापूरकडच्या सातवीत एक मुलगा मराठीच्या तासाला रोज खोड्या काढतो आणि सर त्याला बाहेर उभं करतात. आठवडाभराच्या नोंदीत दिसतं, की वाचनाची पाळी जवळ आली की खोडी सुरू होते. त्याला धड वाचता येत नाही. बाहेर गेलं की वाचन टळतं. ज्याला आपण शिक्षा म्हणतो, ती त्याची सुटका ठरली! मग उतारा आदल्या दिवशी द्यायचा, जोडीदारासोबत दोनच ओळी वाचून घ्यायच्या, डोळे-कानही तपासून घ्यायचे.

मेळघाटात तर आणखी सावध राहावं लागतं. धारणी-चिखलदऱ्याचं कोरकू बोलणारं मूल गप्प राहिलं, की ते अडेल ठरतं. पुष्कळदा त्याला सरांची मराठीच कळलेली नसते.

‘मारल्याशिवाय वळण लागत नाही’ म्हणणाऱ्यांनी शिक्षण हक्क कायदा, 2009 चं कलम 17 वाचावं. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हींना मनाई आहे. मारानं पोर तेवढ्यापुरतं गप्प होतं, कसं वागायचं ते शिकत नाही.

कौतुकानं पोरं शेफारतात? मॅडसन, बेकर आणि थॉमस यांनी 1968 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेतल्या वर्गांच्या अभ्यासात नुसते नियम सांगून फारसा फरक पडला नाही. चांगल्या वागण्याची दखल घेऊन किरकोळ खोड्यांकडे दुर्लक्ष केल्यावर पडला. मात्र कोरडं ‘शाब्बास’ पुरत नाही. “हात वर करून थांबलास, बरं केलंस” असं नेमकं सांगावं लागतं.

राहिला प्रश्न माणसाचा. जिल्हा परिषदेच्या शाळेत हे पद सहसा नसतंच. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं 100 किंवा अधिक विद्यार्थ्यांच्या संस्थांत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसतज्ज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमायला सांगितलं आहे. लहान शाळांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यायचं आहे. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत पालकांनी ही मागणी लेखी मांडावी. तोवर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो, आणि थकलेल्या शिक्षकालाही तिथं बोलता येतं.