खरवडलेला रंगीत गिलावा

भिंतीच्या बाहेरील अंगास गिलावा करावयाचा आणि तो वाळल्यावर त्यावर रंग द्यावयाचा, ही आपल्या परिचयाची रीत. परंतु बव्हेरियात १८९३ च्या सुमारास ‘टेरानोव्हा’ हे कारखान्यातच रंग मिसळून पोत्यांत भरलेले कोरडे मिश्रण निघाले, तेव्हापासून गिलाव्याच्या अंगातच रंग मुरवावयाचा आणि मग त्याचा पृष्ठभाग खरवडावयाचा, ही पद्धत त्या मुलखात दृढमूल झाली. जर्मन कारागीर तिला क्राट्सपुट्झ म्हणतात. ब्रिटनमध्ये याच जातीचा एकथरी गिलावा सुमारे १५ ते २० मिलिमीटर जाडीने चढवितात आणि बहुधा दुसऱ्या दिवशी त्याचे वरचे २-३ मिलिमीटर काढून टाकतात.

चढविलेला माल पुन्हा काढणे प्रथमदर्शनी अपव्यय वाटेल. पण थापी व पट्टी फिरविताना चुना-सिमेंटाचा सूक्ष्म अंश पाण्याबरोबर वर येऊन पृष्ठभागावर जी साय धरतो, तीच आकसताना बारीक भेगा पाडते व रंगावर पांढुरके डाग उमटविते. ती गेली म्हणजे वाळूचे कण उघडे पडून रंगाची खरी छटा प्रकट होते.

हत्यार साधे आहे: खिळ्यांची टोके बाहेर काढलेली, मुठीची फळी. कसब आहे ते वेळ ओळखण्यात. जाणता गवंडी आधी एखाद्या कोपऱ्यात फळी हलकेच गोल फिरवून पाहतो. चुरा खिळ्यांत चिकटून बसला, तर गिलावा अजून ओला आहे. तशात खरवडल्यास माल फासला जाऊन भिंत डागाळते. कण टपटप उडून सुटे पडू लागले व मागे स्वच्छ खळगी राहिली, की वेळ झाली. ती दवडली आणि गिलावा दगडासारखा झाला, तर बळ लावूनही फळी नुसती घसरते.

परंतु एकसारखेपणाचे श्रेय केवळ या हाताला देणे मला न्याय्य वाटत नाही, कारण त्याची तजवीज आदल्या दिवशीच व्हावी लागते. विटा पाणी लवकर शोषतात, काँक्रीटची तुळई शोषत नाही. थर कोठे जाड, कोठे पातळ पडतो. भिंतीचा एक भाग उन्हात, दुसरा सावलीत असतो. अशा भिंतीची सर्वत्र एकाच वेळी वेळ भरत नाही, आणि जो फरक ओलेपणात राहिला तो पुढे छटेत कायमचा दिसतो. म्हणून शोषण आधी सारखे करून घ्यावे, प्रत्येक घाण्यात पाण्याचे माप तेच ठेवावे, एका भिंतीस एकाच खेपेची पोती वापरावीत आणि काम मध्येच न थांबविता कोपऱ्यापर्यंत अथवा सांध्याच्या पट्टीपर्यंत न्यावे. परांचीच्या मजल्यामजल्यावर माणसे पुरेशी नसली, तर त्या उंचीवर आडवी रेघ उमटते, आणि सकाळचे तिरपे ऊन ती निर्दयपणे दाखवून देते. खरवडून झाल्यावर सुटी धूळ मऊ, कोरड्या कुंच्याने झाडावी.

दुरुस्तीचा प्रश्न मात्र बिकट आहे. नंतर लावलेले ठिगळ, मिश्रण तेच असले तरी, जुन्या भागाशी क्वचितच एकरूप होते. म्हणून डागी जागा मोठी असेल, तर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचा संपूर्ण भाग उतरवून नव्याने करणेच श्रेयस्कर.