फौजी काकांचे राहिलेले पदक



सात-बाराच्या उताऱ्यावर नावातले एक अक्षर चुकले म्हणजे काय होते, ते आपल्याला वेगळे सांगायला नको. कर्ज अडते, पीकविमा अडतो, वारसाची नोंद अडते. जमीन तीच, कसणारा तोच, बांधही जागच्या जागी. पण कागद म्हणतो, हा माणूस तो नव्हेच. फौजेत नोकरी करून गावी परतलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांच्या बाबतीतही असेच घडते. तिथे अडते ते छातीवरचे पदक. आज त्याविषयी चार शब्द लिहितो. विषय शेतीचा नसला तरी शेतकऱ्याच्या घरातलाच आहे.

दोन वर्षांपूर्वी परतीच्या पावसाने कापलेले भात शेतातच भिजले. त्या नुकसानीच्या पाहणीसाठी मी टिटवाळ्याच्या पुढे, कल्याण तालुक्यातल्या एका गावी गेलो होतो. एका घरी आधार कार्ड व बँकेचे पासबुक मागितले, तेव्हा घरच्या वृद्ध गृहस्थांनी पत्र्याची ट्रंक ओढली. कागद शोधता शोधता प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले डिस्चार्ज बुक निघाले. मी म्हटले, "काका, तुम्ही फौजी?"

"होय साहेब. एकोणसत्तरला भरती झालो, पंधरा वर्षे काढली." मग जरा थांबून म्हणाले, "माझं एक पदक राहिलंय. पूर्वी स्टार. एकाहत्तरला बांगलादेशात आमच्याबरोबर जे होते त्या सगळ्यांना मिळालं, मलाच नाही. पंधरा ऑगस्टला शाळेत बोलावतात. तीन पदकं लावून जातो. नातू विचारतो, आजोबा, तुम्ही लढाईत होता ना, मग तो तारा कुठाय? पोराला वाटतं, म्हातारा थापा मारतो."

डिस्चार्ज बुकात संग्राम मेडल होते, स्वातंत्र्याच्या २५ व्या वर्धापनदिनाचे पदक होते, नऊ वर्षांच्या सेवेचे होते. पूर्वी स्टार मात्र नव्हता. काकांनी हकिकत सांगितली. नोव्हेंबर १९७१ मध्ये त्यांना स्वतःच्या पलटणीतून तात्पुरते दुसऱ्या तुकडीकडे पाठवले होते. लढाई त्यांनी त्या तुकडीबरोबर पाहिली आणि जानेवारीत ते परत आले. पण त्या तात्पुरत्या जाण्याची नोंद त्यांच्या कागदांवर चढलीच नाही. कागदाच्या हिशेबी ते त्या काळात मागे, आपल्या पलटणीतच होते.

लष्करातला फेरफार

आपल्याकडे जमीन खरेदी केली की तलाठी फेरफार नोंदवतो आणि त्यावरून सात-बारा बदलतो. फौजेतही तसेच आहे. जवानाची बदली, रजा, लग्न, मुलाचा जन्म, इस्पितळात दाखल होणे, अशी प्रत्येक गोष्ट पलटण 'पार्ट टू ऑर्डर' काढून कळवते. हा झाला फेरफार. त्यावरून रेकॉर्ड ऑफिसात जवानाच्या 'शीट रोल'वर नोंद होते. हा झाला सात-बारा. पदकाचा हक्क या शीट रोलवरून ठरतो.

काकांनी घरी आल्यावर १९८५ साली एक पत्र धाडले होते. त्यात लिहिले होते, 'मला पूर्वी स्टार मिळावा ही नम्र विनंती.' उत्तर आले नाही, काका गप्प बसले. माझ्या मते चूक इथेच झाली. नोंद नसताना पदक मागणे म्हणजे सात-बारावर नाव नसताना सोसायटीत कर्ज मागण्यासारखे आहे. आधी नोंद दुरुस्त करून मागायची. नोंद झाली की पदक हा मेहरबानीचा विषय राहत नाही, तो हक्क होतो.

पुरावा घरातच होता

मी विचारले, "त्या वेळचा काही कागद आहे का?" काका नाही म्हणाले. पण आतून काकू बोलल्या, "पत्रं आहेत की." काकूंना वाचता येत नाही. नवऱ्याची पत्रे त्या काळी शाळेतले गुरुजी वाचून दाखवत. तरी एकही पत्र त्यांनी टाकले नव्हते. धान्याच्या कणगीमागच्या डब्यात ती जपून ठेवली होती.

लढाईतल्या पत्रात जवान ठिकाण लिहीत नाही, तशी मनाई असते. पण पाकिटावर फौजी टपालघराचा शिक्का आणि तारीख असते. काकांच्या डिसेंबर १९७१ च्या दोन पत्रांवर '९९ ए.पी.ओ.' असा पत्ता होता. हा पत्ता पूर्वेकडच्या फौजेचा. उत्तर-पश्चिमेकडचा ५६ ए.पी.ओ. काकांची स्वतःची पलटण त्या वेळी पश्चिमेला होती. म्हणजे माणूस पूर्वेला होता हे शिक्काच सांगत होता.

दुसरा पुरावा जिवंत होता. त्याच तुकडीतले एक सोबती डोंबिवलीत मुलाकडे राहत होते. काका त्यांना वीस वर्षे भेटले नव्हते. आम्ही गेलो. जिना चढून वर गेल्यावर दोघे म्हातारे बराच वेळ बोललेच नाहीत, नुसते हात धरून बसले. मग त्यांनी प्रतिज्ञापत्र करून दिले: हा माझ्याबरोबर होता, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत.

अर्ज कसा करावा

आपल्या घरी असा कोणी असेल तर पुढील गोष्टी ध्यानात ठेवा.

१) अर्ज ज्याच्या त्याच्या रेकॉर्ड ऑफिसकडे करावा. मराठा लाइट इन्फंट्रीचे बेळगावला, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशात सागरला, तोफखान्याचे नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचे पुण्याला खडकीत आहे. हवाई दलाचे दिल्लीत आहे. पत्ता ठाऊक नसेल तर ठाण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारावे. अर्ज लिहिण्यास व पुढे पाठविण्यासही तिथे मदत होते.

२) अर्जावर आर्मी नंबर, हुद्दा, नाव, पलटण, भरतीची व सेवामुक्तीची तारीख आणि पी.पी.ओ. म्हणजे पेन्शन आदेशाचा क्रमांक लिहावा. नाव डिस्चार्ज बुकात जसे असेल तसेच लिहावे, चुकीचे असले तरी. 'ज्ञानदेव'चा 'ग्यानदेव' झाला असेल तर त्याची दुरुस्ती वेगळ्या अर्जाने, प्रतिज्ञापत्र जोडून मागावी.

३) कोणती नोंद राहिली, कोणत्या तारखेची, आणि पुरावा कोणता, हे तीन मुद्दे स्पष्ट लिहावेत. पराक्रमाची लांबण लावू नये. जुनी पत्रे, इस्पितळाची चिठ्ठी, रजेचा पास, सोबत्याचे प्रतिज्ञापत्र यांच्या नकला जोडाव्यात. अस्सल कागद हातचा सोडू नये.

४) अर्ज रजिस्टर टपालाने पाठवून पावती जपावी. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याने आपल्या सेवेच्या कागदांच्या नकलाही मागता येतात.

५) हरवलेले पदक आणि कधीच न मिळालेले पदक यांचे अर्ज निरनिराळे. हरवले असेल तर पोलिसांत खबर द्यावी व तिची नक्कल जोडावी.

६) जव्हार, मोखाडा, वाडा, डहाणू भागातल्या माजी सैनिकांच्या कागदांवर 'जिल्हा ठाणे' असेल. १ ऑगस्ट २०१४ पासून तो भाग पालघर जिल्ह्यात आला. ही चूक नव्हे, पण अर्जात तसा खुलासा करावा.

१९६५ च्या लढाईसाठी समर सेवा स्टार व रक्षा मेडल आहे. १९७१ साठी पूर्वेकडच्या लढाईचा पूर्वी स्टार, पश्चिमेकडचा पश्चिमी स्टार आणि त्या वेळी सेवेत असलेल्यांना ठरावीक अटींवर संग्राम मेडल. ९, २० व ३० वर्षांच्या दीर्घ सेवेची पदके निराळी. डिस्चार्ज बुक उघडून यांतले कोणते असायला हवे होते ते पडताळून पाहा.

रेकॉर्ड ऑफिसने नकार दिला तर सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे. २००७ च्या कायद्याने ते झाले, २००९ पासून सुरू झाले आणि त्याचे एक खंडपीठ मुंबईत आहे. नकाराचे पत्र आल्यापासून सहा महिन्यांत तिथे जायचे असते. म्हणून नकाराचे पत्रसुद्धा रागाने फाडू नका.

हा प्रश्न आपल्याच देशात आहे असे नाही. अमेरिकेत सैनिकांच्या नोंदी दुरुस्त करण्यासाठी स्वतंत्र मंडळे आहेत. तिथे १२ जुलै १९७३ रोजी सेंट लुई शहराजवळच्या दप्तरखान्याला आग लागून दीड कोटीहून अधिक फायली जळाल्या. तेव्हापासून तिथले माजी सैनिकही पगारपत्रके आणि सोबत्यांच्या साक्षी गोळा करून आपली सेवा शाबीत करतात. आपल्याकडे पेन्शन न घेता आलेल्या जवानांचे कागद साधारण पंचवीस वर्षांनी नष्ट केले जातात, नावाची मूळ नोंदवही तेवढी राहते. तेव्हा घरातला कागद हाच मोठा आधार.

पदकाने पोट भरते काय?

असे विचारणारेही भेटतात. खरे आहे, या सेवापदकांना पैसा नाही. पण ज्या नोंदीने पदक अडते तीच नोंद उद्या घरधनिणीची पेन्शन अडवते. आता फौजी पेन्शन 'स्पर्श' या संगणकीय पद्धतीने मिळते. पत्नीचे नाव कागदावर एक आणि आधारवर दुसरे असेल, तर नवऱ्यामागे तिलाच हेलपाटे घालावे लागतात. काकांच्या कागदांत काकूंचे माहेरचे नाव निघाले. तेही आम्ही त्याच वेळी दुरुस्तीला दिले. पदकाच्या निमित्ताने एवढे झाले तरी कष्ट वाया गेले नाहीत.

कल्याणात दुर्गाडीजवळ नौदलाची निवृत्त टी-८० नौका आणून ठेवली आहे. मुलांना घेऊन लोक ती पाहायला जातात, हे चांगलेच आहे. पण १९७१ च्या डिसेंबरात जमालपूरला मराठ्यांची पहिली पलटण लढली, १६ डिसेंबरला ढाक्यात शत्रूने शस्त्रे खाली ठेवली, त्या काळचे जवान आपल्या गावात भाताची राखण करीत बसलेले आहेत. त्यांच्याकडेही मुलांना न्यावे.

काकांच्या अर्जावर आठ महिन्यांनी आणखी एक कागद मागणारे पत्र आले. तो दिला. गेल्या उन्हाळ्यात दुसरे पत्र आले की नोंद घेण्यात आली आहे. पदक अजून हाती आलेले नाही. नातवाने ते पत्र मोठ्याने वाचले, पुन्हा एकदा वाचले. काका म्हणाले, "साहेब, डोंबिवलीवाल्याला कळवायला हवं होतं." ते सोबती त्याआधी दोन महिने वारले होते. त्यांची सही वेळेवर झाली म्हणून नोंद झाली.

१९७१ चे जवान आज सत्तरी ओलांडून गेले आहेत, १९६५ चे त्याहून थकले. भाताची कापणी लांबवली तर दाणा झडतो. म्हणून या आठवड्यात एवढेच करा: ट्रंक उघडा, आजोबांचे डिस्चार्ज बुक त्यांच्याच समोर वाचून काढा, आणि त्यांच्याबरोबर कोण कोण होते त्यांची नावे वहीत लिहून घ्या.